देवरेमास्तरांची दरवर्षीची तार

देवरेमास्तरांच्या घरात आम्ही अकरा वर्षं भाड्याने राहिलो आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी मला एकदाच शिक्षा केली. ती मला जन्मभर पुरली आहे. घरी पाहुणे जमले की मी मास्तरांविषयी सांगायला बसतो. मी घसा खाकरला की बायको उठून गॅस बंद करून येते, कारण आता अर्धा तास हा माणूस थांबत नाही हे तिला ठाऊक आहे. मुलांचा प्रश्न दर वेळी एकच असतो, "बाबा, तार म्हणजे एवढं काय होतं?"

हा प्रश्न मास्तरांना विचारला असता तर त्यांनी उलट विचारलं असतं, "कोणती?" कारण त्या घरात तारा फार. गच्चीवर कपड्यांच्या तीन तारा होत्या, त्यातली पहिली मालकांची, दुसरी भाडेकरूंची आणि तिसरी पाहुण्यांची. मीटरच्या पेटीवर काडेपेटीत गुंडाळून ठेवलेली फ्यूजची तार असे. सिंधूकाकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, दुपारभर प्लास्टिकच्या वायरच्या पिशव्या विणत. नाशकातल्या त्यांच्या सगळ्या नातेवाइकांची भाजी त्या पिशव्यांतून घरी यायची. दिवाळीत पाक कढईत असताना मास्तर स्वतः स्वयंपाकघरात जात, थेंब दोन बोटांत धरून बोटं लांब करत आणि म्हणत, "तुटली. अजून दोन मिनिटं." मांडवाखालच्या द्राक्षांची तार किती ताणावी हे विचारायला त्यांचे कळवणकडचे पुतणे येत. अशा सगळ्या तारांविषयी मास्तरांकडे मत होतं. पण नुसतं 'तार' म्हटलं की त्यांच्यासाठी ती एकच. तारघरात तीस-बत्तीस वर्षं कड-कट्ट करत त्यांनी लोकांच्या घरी पोचवलेली. कुणाला नोकरी लागल्याची, कुणाला मुलगा झाल्याची, आणि बहुतेकांना नको असलेली.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ब्याण्णव साली, खोल्या बघायला गेलो तेव्हा. सहकारी बँकेत नुकताच चिकटलो होतो, लग्न नवं होतं, आणि जगातल्या प्रत्येक भांडणात समेट घडवण्याची मला दैवी देणगी आहे असा माझा समज होता. उंच, वाळका माणूस. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. उजव्या हाताची दोन बोटं खुर्चीच्या हातावर सारखी वाजत असायची.

"नाव?"

"भालेराव."

"भाडं वेळेवर द्या न द्या, निरोप वेळेवर द्यायचा. माझ्यासाठी कुणी काही सांगितलं, तर आधी जिना उतरायचा, मग चहा प्यायचा."

मला हे मजेशीर वाटलं. घरी येऊन मीनाला मी त्यांची नक्कलही करून दाखवली.

मास्तरांचा दुसरा गुण मला हळूहळू कळला. त्यांना सूड येत असे. येत असे म्हणजे एखाद्याला पेटी वाजवता येते तसा. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कुणाच्या अंगावर धावून गेले नाहीत. "आरडाओरडा करतो तो कच्चा माणूस," ते म्हणायचे. "जेवढं मिळालं तेवढंच परत पोचवायचं. एक अक्षर जास्त नाही, एक अक्षर कमी नाही."

पंच्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. गल्लीत केबल आली. केबलवाल्याने न विचारता त्याची काळी वायर मास्तरांच्या गच्चीवरून पलीकडच्या बिल्डिंगला नेली. मी म्हटलं, "मास्तर, कापून टाका." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी करायला सुचवलं होतं. "तार कापत नसतात भालेराव. पाप लागतं." पुढच्या रविवारी मॅच सुरू झाली आणि मास्तर काकूंनी भिजवलेली गोधडी घेऊन गच्चीवर गेले. गोधडी बरोबर त्या काळ्या वायरवर वाळत घातली. खाली वायर लोंबली, जोड सैल झाला आणि अख्ख्या गल्लीच्या टीव्हीवर मुंग्या धावू लागल्या. केबलवाला हातात पक्कड घेऊन धापा टाकत वर आला.

"काका, हे काय?"

"गोधडी."

"वायरवर का?"

"माझ्या गच्चीत वाळत घालायची तार आलीय, मला वाटलं माझ्यासाठीच टाकली. तू सांगायला आला नव्हतास ना."

तीन रविवार गोधडी धुतली गेली. त्या गोधडीने उभ्या आयुष्यात एवढं पाणी पाहिलं नसेल. चौथ्या रविवारी सकाळी केबलवाला चप्पल बाहेर काढून आत आला आणि त्याने परवानगी मागितली. मास्तरांनी लगेच दिली, वर चहा पाजला. "हिशेब मिटला," ते म्हणाले, आणि खरंच मिटला होता. त्या केबलवाल्याच्या बहिणीच्या लग्नात आम्ही सगळे जेवून आलो.

म्हणून मला वाटायचं, या माणसाचा राग म्हणजे गंमत आहे. तो गैरसमज श्रावणात दूर व्हायचा.

श्रावणात मास्तरांच्या आईची तिथी असे. सकाळी गुरुजी येऊन जात, पान वाढलं जाई. जेवण झालं की मास्तर इस्त्रीचा शर्ट घालत, बूट बांधत आणि पायी तारघरात जात. निवृत्त झाल्यावरही. तासाभराने परत येत, पावती खिळ्याला टोचत आणि झोपत. मी दोन-तीन वर्षं हे पाहिलं आणि एका दुपारी न राहवून काकूंना विचारलं. त्या हिरव्या-पिवळ्या वायरची पिशवी विणत होत्या. विणणं न थांबवता त्यांनी सांगितलं.

ते ऐंशीच्या सिंहस्थातलं होतं. रामकुंडावर माणूस मावत नव्हता आणि तारघरात तर त्याहून नाही. देशभरातून आलेले लोक घरी तार करायला रांग लावून उभे. सगळ्यांचा मजकूर जवळजवळ एकच: सुखरूप पोचलो. मास्तर सकाळपासून यंत्रावर बसून लोकांच्या आयांना त्यांची मुलं सुखरूप असल्याचं कळवत होते. दहाच्या सुमाराला पलीकडच्या टेबलावर कळवणहून तार आली. देवरेंच्या नावाची. तारघरातला रिवाज असा की, आपल्या माणसाची तार आली तर ती पाकिटात घालायचीसुद्धा नाही. कागदावर उतरली की तशीच हातात द्यायची. पण त्या दिवशी सुपरवायझर होते कुलथे. मास्तरांबरोबर नोकरीला लागलेले, एका डब्यातून जेवणारे कुलथे. त्यांनी तो कागद घेतला, वाचला, समोरची रांग पाहिली आणि कागद स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. हा आता उठून गेला तर यंत्र कोण चालवणार?

"आणि दोनदा चहा पाजला हो यांना," काकू म्हणाल्या. "त्या पाच तासांत दोनदा. स्वतः आणून."

तीन वाजता पाळी बदलली तेव्हा कुलथ्यांनी कागद हातात दिला. मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली. मास्तर मिळेल त्या एसटीने कळवणला पोचले तेव्हा सात वाजून गेले होते. आई चारला गेली होती. शेवटपर्यंत विचारत होती, "तिंबक उना का?" म्हणजे, त्र्यंबक आला का?

त्या सिंहस्थात चांगलं काम केल्याबद्दल कुलथ्यांना वरून शाबासकीचं पत्र आलं. मास्तरांनी त्यांना एक शब्दही विचारला नाही. पुढच्या वर्षी तिथीच्या दिवशी त्यांनी कुलथ्यांच्या घरच्या पत्त्यावर तार केली. मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली. कुलथ्यांची आई तेव्हा येवल्याला होती. कुलथे होते तसे येवल्याला पळाले. आई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती.

"त्यानंतर कळलं ना त्यांना, कुणी केली ते?"

"कळलं. तारघरात जाऊन फॉर्मवरचं अक्षर ओळखलं. पण पुढच्या वर्षी पुन्हा आली तेव्हा त्यांना पुन्हा जावंच लागलं. यंदाची खरी असली तर?" काकूंनी वायरचं टोक दातांनी ओढलं. "चार वर्षं पळत होता बिचारा येवल्याला. मग ती म्हातारीही गेली. मी म्हटलं, आता तरी पुरे. हे म्हणाले, मजकूर बदलायचा नसतो."

दोघं एकाच तारघरात काम करत, चार हातांवर बसत, आणि वर्षभर बोलत नसत. वर्षातून एक तार. निवृत्त झाल्यावर कुलथे सिडकोत राहायला गेले. तार तिथे जाऊ लागली, शहरातल्या शहरात. मास्तर घरून चालत निघाले असते तर तारेच्या आधी पोचले असते.

माझ्या समेट घडवणाऱ्या हातांना तेव्हापासून खाज सुटली होती. संधी आली दोन हजार दोन साली. मास्तर गच्चीवर पाहुण्यांची तार ताणायला स्टुलावर चढले आणि पडले. मांडीपासून प्लॅस्टर. तिथीच्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. फॉर्म त्यांनी स्वतः भरला होता, मोत्यासारख्या अक्षरात.

"भालेराव, बँकेत जाताना तेवढी टाक. पावती आण."

मी तारघराच्या दारापर्यंत गेलो, हे माझ्या बाजूने सांगायला हवं. आत शिरलो नाही. समोर मिसळीचं दुकान होतं. तिथे बसून मी माणुसकीवर विचार केला. बावीस वर्षं झाली, म्हटलं. कुणीतरी ही साखळी तोडायला हवी. दुसरा पाव मागवला तोपर्यंत मी स्वतःला चांगलाच मोठा माणूस वाटू लागलो होतो. फॉर्मचे चार तुकडे केले आणि ताटलीखाली ठेवले.

"केली?"

"केली मास्तर."

"पावती?"

"ती... वाटेत पडली वाटतं."

बँकेत नोकरी करणारा माणूस इतकं वाईट खोटं बोलू शकतो यावर मीनाचा अजून विश्वास बसत नाही. मास्तरांची दोन बोटं पलंगाच्या कडेवर वाजत राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी दहाला फाटकाशी रिक्षा थांबली. पांढरी टोपी, खांद्यावर पंचा घेतलेला एक ठेंगणा म्हातारा उतरला. चप्पल फाटकाबाहेरच काढली. मी पुढे गेलो.

"कधी गेले?" त्याने हळूच विचारलं.

"कोण?"

"त्र्यंबक. मास्तर. काल दिवसभर दारात बसलो. तार आली नाही. बावीस वर्षांत असं झालं नाही. म्हटलं, गेलाच तो. त्याशिवाय चुकायची नाही."

तेवढ्यात आतून आवाज आला, "कोन शे रे?" झोपेतून उठले की मास्तर कळवणचे होत.

म्हाताऱ्याने फाटकाचा गज धरला. "जिवंत आहे," तो म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसला.

मी आत जाऊन सगळं कबूल केलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घड्याळाकडे पाहिलं.

"दहा वाजलेत. त्याला व्हरांड्यात बसव. तीनला आत पाठव."

"मास्तर, पाच तास?"

"तीनला."

काकू काही बोलायला गेल्या. मास्तर म्हणाले, "चहा दे त्याला. दोनदा. मलाही दिला होता."

कुलथे बसले. का बसवलंय हे कुणी त्यांना सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. पहिला कप त्यांनी घेतला. दुसरा कप काकूंनी पुढे केला तेव्हा त्यांनी तो घेतला आणि गार होईपर्यंत मांडीवर धरून ठेवला. मी जिन्यात उभा राहून उगाच वर्तमानपत्र वाचत होतो. एकाच पानावर दोन तास होतो असं मीना सांगते. तीनला काकू म्हणाल्या, "या आत."

मास्तर उशीला टेकून बसले होते. बावीस वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलणार होते.

"बस. किती वाजले?"

"तीन."

"समजलं?"

कुलथ्यांनी खांद्यावरचा पंचा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "त्र्यंबक, समजलं म्हणालो तर खोटं होईल. पाच तास बसलो खरा. पण आत माझी आई नव्हती."

मास्तरांची बोटं थांबली. हे उत्तर त्यांनी गृहीत धरलं नव्हतं. कुलथे हात जोडून म्हणाले, "एवढंच सांगायचं होतं की त्या दिवशी..."

"तोंडी नको," मास्तर म्हणाले. "मी तोंडी निरोप घेत नाही. काय ते तारेने कळव."

कुलथे उठले, काकूंना नमस्कार केला आणि गेले.

माझी शिक्षा सोमवारी सुरू झाली. सकाळी दाराच्या कडीला तारेचं व्यवस्थित गुंडाळलेलं वेटोळं अडकवलेलं होतं. भाडेकरूंची तार. ऐन श्रावणात महिनाभर आमचे कपडे खुर्च्यांवर, सायकलवर आणि एकदा तर देव्हाऱ्याच्या दारावर वाळले. त्याहून वाईट म्हणजे, मी कोथिंबीर आणून दिली तरी मास्तर हात पुढे करायचे. "पावती?" खोटं एकदा बोललो होतो, विचारलं गेलं साठ वेळा. महिन्याने तार पुन्हा लागली. हिशेब मिटला.

कुलथ्यांचा नाही मिटला. त्यांची तार मंगळवारी आली. मास्तरांनी सही केली, कागद उघडला, वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे दिला. माफीचे चार शब्द असतील म्हणून मी चष्मा पुसून वाचायला घेतला.

'दरवर्षीची तार थांबवू नये. कुलथे.'

"म्हणजे काय?" मी म्हणालो.

उत्तर काकूंनी दिलं. कुलथ्यांच्या बायकोने काकूंना कधीतरी बाजारात सांगितलं होतं. तार आली की तो माणूस त्या दिवशी जेवत नाही. अंघोळ करून देवापाशी बसतो. कॅलेंडर आणलं की आधी श्रावणातली ती तिथी बघून खूण करतो.

"तुमच्या आईची तिथी तुमच्याइतकीच तेही पाळतात," काकू म्हणाल्या. त्यांना वाटलं असावं, हे ऐकून नवरा विरघळेल.

मास्तरांचा चेहरा काळानिळा पडला. दहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला.

"हा कोण पाळणारा? मनी माय ती! माझी! आधी तिचा शेवट घेतला, आता तिथी पण याला पाहिजे?" धाप लागली तसे थांबले. मग हळू म्हणाले, "म्हणजे बावीस वर्षं मी याला शिक्षा पाठवत होतो आणि हा प्रसाद म्हणून घेत होता."

संध्याकाळी मी खाली गेलो तेव्हा ते शांत होते, आणि मला जरा भीतीच वाटली, कारण गोधडी भिजत घालायच्या आधी ते असेच शांत झाले होते.

"सापडलं," ते म्हणाले. "आता नाही पाठवणार. कधीच नाही. बसू दे वाट बघत."

पुढच्या वर्षी माझी बदली पिंपळगाव शाखेत झाली. मुलांच्या शाळेचं बघून आम्ही तिकडेच राहायला जायचं ठरवलं. सामान बांधायचा आठवडा आणि मास्तरांच्या आईची तिथी एकत्रच आली. गावात पुन्हा सिंहस्थ होता. रस्ते बंद, जिकडे तिकडे बांबूचे अडसर, बँकेतून घरी यायला मला दीड तास लागला. साडेपाच झाले असतील.

मास्तर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट. पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या. बाजूला काठी. काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"जेवल्यापासून असे बसलेत," त्या मला म्हणाल्या. "जायचं नाही म्हणतात आणि बूट काढत नाहीत. अहो, जाऊन या ना एकदाचे. तारघर सहापर्यंत असतं."

"कुणाला जायचंय?" मास्तर म्हणाले. "मी हवा खातोय."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं. दोन बोटं खुर्चीच्या हातावर वाजत होती आणि या वेळी मला, तारेतलं काही न कळणाऱ्या माणसाला, ती चार शब्दांची लय ओळखू आली. एकदा संपली की पुन्हा पहिल्यापासून. सहा वाजले. बोटं थांबली.

"संपलं," ते म्हणाले. "आता कळेल त्याला."

पण बूट तसेच होते. वर जाताना माझ्या लक्षात आलं की खुर्ची रोजच्या भिंतीजवळ नाही, चांगली हातभर पुढे ओढलेली आहे. तिथून फाटक आणि गल्लीचं तोंड सरळ दिसत होतं.

वर मीना भांडी कागदात गुंडाळत होती. मी चौथा पेला गुंडाळतो तोच खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी गॅलरीत आलो. पांढरी टोपी. एका हाताने रिक्षाचा दांडा धरून कुलथे उतरत होते, गेल्या वर्षीपेक्षा निम्मे झालेले. उतरता उतरता त्यांनी मान वर करून पाहिलं, आणि बारा-पंधरा पावलांवर खुर्चीत बसलेले मास्तर त्यांना दिसले. त्यांनाही कुलथे दिसले. दोघांनी एकमेकांना पुरतं पाहून घेतलं.

मग मास्तरांनी नजर न हलवता, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "भालेराव! कुणीतरी आलंय. सांग त्याला, मास्तर घरी नाहीत."

मी आठ-दहा पायऱ्या उतरलो, फाटकापाशी गेलो आणि दिलेला निरोप अक्षर न चुकता सांगितला. "मास्तर घरी नाहीत."

कुलथ्यांनी माझ्या खांद्यावरून एकदा आत बघितलं. "नाहीत का? बरं," ते म्हणाले. "मग येईपर्यंत थांबतो."

रिक्षावाल्याला त्यांनी हाताने जायची खूण केली आणि धोतर सावरत फाटकाच्या पायरीवर बसले. मी मागे वळून पाहिलं. मास्तर समोर कुठेतरी बघत होते. खुर्ची त्यांनी आत नेली नाही.